उभ्या गाडीचं पेट्रोल खरंच नासतं का? आणि नासलंय हे ओळखायचं कसं?

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. काका-काकू जानेवारीत ताईकडे कॅनडाला गेले ते सात महिन्यांनी परत आले, तोवर त्यांची छोटी पेट्रोल गाडी डोंबिवलीत सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. म्हणजे अख्खा उन्हाळा आणि वर अडीच महिने पाऊस. गणपती २७ तारखेला, चिपळूणला जायचं ठरलेलं, हातात जेमतेम पाच दिवस आणि गाडी काही सुरू होईना.

आता तेव्हा ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून सोशल मीडियावर काय राडा चालला होता ते आठवत असेल. त्यामुळे फॅमिली ग्रुपवर निकाल लगेच लागला, "टाकीत पाणी झालं असणार, इथेनॉल ना." गल्लीतला गॅरेजवाला येऊन दोनदा स्टार्टर मारून म्हणाला, "पेट्रोल सडलंय काका, टाकी उतरवून धुवायला लागेल, पंप पण गेला असणार, साडेअकरा हजार धरून चाला." बॉनेट उघडलंच नाही त्याने.

काकांचा मला फोन. "अरे, तुला यातलं थोडं कळतं ना, जरा येऊन बघतोस का?"

मी मेकॅनिक नाही, पण जुन्या गाड्यांच्या नादात बरेच रविवार घालवलेत, आणि एक गोष्ट पक्की कळली आहे की उभी राहिलेली गाडी सुरू झाली नाही की पहिला आळ पेट्रोलवर येतो आणि बहुतेक वेळा पेट्रोल निर्दोष सुटतं. पण बहुतेक वेळा, दर वेळी नाही. तर खरंच पेट्रोलचा दोष आहे की दुसऱ्याच कुणाचा, हे टाकी उतरवायच्या आधी कसं कळतं ते सांगतो.

आधी गॅसची शेगडी डोळ्यासमोर आणा

शेगडी पेटायला काय लागतं? गॅस, हवा आणि लायटरची ठिणगी. इंजिनाचंही तसंच, पेट्रोल-हवा-ठिणगी, फक्त ते मिश्रण दाबायलाही लागतं आणि इंजिन आधी कुणीतरी फिरवून द्यावं लागतं, ते काम बॅटरी आणि स्टार्टरचं. शेगडी पेटली नाही की आपण लगेच सिलिंडर खराब म्हणत नाही, आधी रेग्युलेटर चालू आहे का बघतो, लायटर झटकून बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र सरळ सिलिंडरवर जातो.

म्हणून पहिला प्रश्न. चावी फिरवली की इंजिन फिरतंय का? नुसतंच "टक" किंवा "टक-टक-टक" होतंय, मीटरचे दिवे मंदावताहेत, तर ती बॅटरी आहे, पेट्रोलचा यात काही संबंध नाही. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, चोरी रोखणारा इमोबिलायझर हे सगळे थोडा थोडा करंट खातच असतात. समजा ४० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला जवळपास १ अँपिअर-अवर झाला आणि छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ ची असते, म्हणजे महिना-सव्वा महिन्यात ती आडवी. सात महिन्यांची तर बातच सोडा. काकांची बॅटरी मेलेलीच होती, शेजारच्या जोशीकाकांच्या गाडीवरून जंप दिला तेव्हा इंजिन छान गरागरा फिरायला लागलं पण पेट घेईना.

इथून पुढे पेट्रोलवर संशय घ्यायला हरकत नाही. पण तेही आधी मीटरवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत नाहीये ना ते बघून मगच. तो लुकलुकत असेल तर गाडीने तुमची चावीच ओळखलेली नाही आणि गाडीचा कॉम्प्युटर, ज्याला ईसीयू म्हणतात, तो मुद्दाम पेट्रोल सोडत नाहीये. इंजिन फिरतं, पेटत नाही, लक्षणं सगळी पेट्रोलची, आणि दोष चावीचा. दुसरी चावी लावून बघा, फुकटचं काम आहे.

पेट्रोल "खराब होतं" म्हणजे नक्की काय होतं

यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या तिन्ही एकत्र कालवतात, सगळा गोंधळ तिथेच होतो.

पहिली, उडून जाणं. पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नाही, शेकडो द्रवांची भेळ आहे ती. त्यातले काही इतके हलके की ३५-४० डिग्रीलाच उकळतात, काही इतके जड की २०० डिग्री लागते. थंड इंजिन पेटतं ते मुख्यतः हलक्यांच्या जिवावर, कारण पेटते ती वाफ, द्रव नाही. बाटलीचं झाकण सैल राहिलं तर अत्तराचा पहिला झणझणीत वास आधी जातो ना आणि मागे नुसता तेलकटपणा उरतो, तसंच इथे. हलके भाग गेले की पेट्रोल पेटतं पण सकाळी पहिल्यांदा पेटायला कुरकुरतं. अशी गाडी एकदा गरम झाली की बऱ्यापैकी चालते, ही या दोषाची खूण.

दुसरी, खवट होणं. शेंगदाण्याचं तेल बरेच दिवस राहिलं की वास येतो आणि बरणीच्या तोंडाशी चिकट पिवळा थर जमतो, ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. पेट्रोलमध्येही काही भाग ऑक्सिजनशी जुळून डिंकासारखा चिकट पदार्थ होतो. टाकीत तो फार त्रास देत नाही, त्रास देतो तो बारीक भोकांमध्ये. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारी पिचकारी, तिची भोकं केसाएवढी असतात, तिथे डिंक सुकला की फवाऱ्याची धार होते किंवा भोक बंदच.

तिसरी, पाणी. आणि इथे इथेनॉल येतं.

ते पाणी-पाणी काय प्रकरण आहे

पेट्रोल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. इथेनॉल मात्र दोघांचा मित्र. भावकीत बोलणं बंद असलेली दोन घरं आणि दोन्हीकडे उठबस असलेला एक मामा, असं समजा. पाण्याकडचे चार-दोन जण आले तर मामा त्यांना सांभाळून घेतो, पंक्तीत बसवतो, कुणाला कळतही नाही. पण पाण्याकडची फारच मंडळी आली की मामा सरळ उठून त्यांच्याच पंगतीत जाऊन बसतो. म्हणजे टाकीत खाली पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर, वर इथेनॉल गमावलेलं, त्यामुळे ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठकठक न करता जळायची ताकद, घसरलेलं पेट्रोल. याला फेज सेपरेशन म्हणतात, आपण थर पडणं म्हणू. आणि टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचं तोंड असतं टाकीच्या तळाशी, म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो पाण्याचा.

हे ऐकून घाबरायला होतं. पण जरा आकडे बघू.

१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल थंडीतल्या १५ डिग्रीला साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकतं. म्हणजे ३० लिटरमागे १५० मिली, दीडेक कप चहाएवढं. इथेनॉल वाढलं की ही क्षमता वाढते, म्हणजे ई२० अजून जास्त पाणी पचवतं, आणि आपल्याकडच्या उष्म्यात आणखी थोडं. आता हवेतून किती पाणी येईल? ३० डिग्रीला हवा दमटपणाने अगदी गच्च भरली, म्हणजे मुंबईचा जुलै, तरी एका घनमीटरमध्ये ३० ग्रॅमच पाणी असतं. ३५ लिटरची टाकी पूर्ण रिकामी आणि तसल्या हवेने भरलेली धरली तर त्यात पाणी किती? एक ग्रॅम. वीस थेंब. दीड कप व्हायला त्या टाकीतली हवा दीडशे वेळा पूर्ण बदलून दर वेळी सगळं पाणी पेट्रोलने शोषून घ्यायला पाहिजे. आजकालच्या गाडीची टाकी काही उघड्या पातेल्यासारखी नसते, झाकण घट्ट, वाफेसाठी कोळशाचा डबा वेगळा, त्यामुळे नुसत्या दमट हवेने थर पडणं जवळपास होत नाही.

मग थर पडलेल्या टाक्या दिसतात त्या कुठून येतात? झाकणाचं रबर फाटलेलं आणि वरून पाऊस, गाडी पुरात उभी होती, किंवा पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतच पाणी शिरलेलं होतं. या शेवटच्या प्रकारात पेट्रोल भरल्यावर दोन-चार किलोमीटरवरच गाडी बंद पडते आणि त्याच पंपावर त्याच दिवशी भरलेल्या आणखी गाड्याही बंद पडतात. उभ्या गाडीचा आणि त्याचा संबंध नाही.

तो बाटलीतला व्हायरल व्हिडिओ आठवतोय ना, पेट्रोलमध्ये थोडं पाणी ओततात, हलवतात, आणि खाली ओतल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी "निघतं"? ते पंपवाल्याचं पाणी नाही. ओतलेलं पाणी मामाला, म्हणजे इथेनॉलला, खाली ओढून घेतं. १०० मिली ई२० मध्ये १० मिली पाणी घातलं तर खालचा थर तिसेक मिलीचा होणारच. ही भेसळ पकडायची टेस्ट नाही, इथेनॉल किती आहे ते मोजायची आहे, आणि शाळेच्या लॅबमध्ये करायला मस्त आहे.

मग किती दिवस उभी ठेवली तर चालतं?

याचं एक उत्तर नाही. महिनाभर, काहीच होत नाही. तीन महिने, बॅटरीची काळजी करा, पेट्रोलची नको. सहा महिन्यांनंतर सुरू व्हायला थोडी नाटकं करेल. वर्ष उलटलं की मग मीही पेट्रोलवर संशय घेतो आणि दोन वर्षांनंतर तर स्टार्टर मारायच्या आधीच टाकी रिकामी करून घ्यावी असं म्हणेन. टाकी किती भरलेली होती हा मोठा फरक. तळाशी चार लिटर असेल तर वर हवाच हवा, पेट्रोल उडायला आणि खवट व्हायला मोकळं रान. आणि गाडी उन्हात होती की बेसमेंटमध्ये, हाही.

काकांच्या गाडीत काटा पाव टाकीच्या थोडा वर होता, म्हणजे आठ-नऊ लिटर, वय सात महिने, उन्हातलं. माझ्या मते संशयित पण आरोपी नाही.

कान लावा, दोन सेकंद

इंजेक्शनवाल्या, म्हणजे गेल्या वीसेक वर्षांतल्या कुठल्याही पेट्रोल गाडीत, पंप टाकीच्या आत बुडलेला असतो. चावी "ऑन"ला नेली, स्टार्टर मारला नाही, की बऱ्याचशा गाड्यांत तो दोनेक सेकंद चालून पाइपात प्रेशर तयार करतो आणि थांबतो. मागच्या सीटवर कुणालातरी बसवा, एसीचा पंखा, रेडिओ, मोबाइल सगळं बंद, आणि ऐका. "घ्ंऽऽ" असा बारीक आवाज आला पाहिजे, भिंतीपलीकडच्या मिक्सरसारखा. बटणस्टार्ट गाडीत ब्रेक-क्लचला पाय न लावता मीटरचे दिवे लागेपर्यंत बटण दाबायचं.

हा आवाज आला का नाही यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो, आणि याला एक पैसा लागत नाही. आवाज आला तर पंपाला वीज मिळतेय, मोटर फिरतेय, मग पेट्रोल पोचतंय का आणि कसलं पोचतंय ते बघायचं. आवाज नाही आला तर पेट्रोल अमृत असलं तरी इंजिनापर्यंत येणारच नाही, तेव्हा पेट्रोलला दोष द्यायचा नाही, आधी वीज शोधायची.

काकांनी चावी ऑन केली, मी मागे कान लावून. काही नाही. परत. काही नाही. काकू म्हणाल्या, "मला तर कावळाच ऐकू येतोय."

मग फ्यूज बघितला, ठीक. रिले बघितला, रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच, डब्यात हॉर्नचा रिले त्याच आकाराचा आणि त्याच नंबरचा होता तो अदलाबदल करून बघितला, हॉर्न वाजतोय, पंप नाही. बऱ्याच दिवसांनी पंपाची मोटर जाम होते तेव्हा टाकीला खालून रबरी हातोडीने हलके टोले मारत कुणीतरी चावी ऑन केली तर कधीकधी फिरायला लागते, तेही केलं. शून्य.

शेवटी मागच्या सीटचा खालचा भाग उचलला, बऱ्याच छोट्या गाड्यांत पंपाचं झाकण तिथेच असतं, आणि तिथे सात महिन्यांचा संसार थाटलेला. सीटमधला फोम उपसून केलेली गुबगुबीत गादी, कव्हरचे कपटे, चिंचोके, एका बिस्किटाच्या पुड्याचा चांदीचा कागद, आणि पंपाच्या चार वायरींपैकी दोन इतक्या सफाईने कापलेल्या की वायरमनने लाजावं. उंदीरमामांनी गणपतीच्या तोंडावर गणपतीलाच जाऊ देऊ नये, याला काय म्हणायचं.

वायरी सोलून जोडल्या, टेप मारली. आणि ते मी करायला नको होतं खरं तर, पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, सगळी दारं उघडी ठेवली, तरीही नंतर इलेक्ट्रिशियनकडून ते नीट सोल्डर करून घेतलंच. चावी ऑन. घ्ंऽऽ.

आवाज येतोय तरी पेटत नाही, तेव्हा नाक आणि काचेची बाटली

काकांची गाडी चौथ्या फेरीला पेटली म्हणून मला हे करावं लागलं नाही, पण तुमची नाही पेटली तर पुढचं काम मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या. स्पार्क प्लग काढायला सांगा. बराच वेळ स्टार्टर मारूनही प्लग कोरडा ठणठणीत, तर पेट्रोल आलेलंच नाही, फिल्टर किंवा इंजेक्टर तुंबलेत किंवा प्रेशर नाही. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास, तर पेट्रोल पोचलंय, ठिणगी नाही किंवा आलेलं पेट्रोल पेटण्यालायक नाही.

काही मेकॅनिक हवेच्या पाइपात कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून बघतात, इंजिन दोन सेकंद पेटून बंद पडलं म्हणजे ठिणगी-हवा ठीक, पेट्रोलचीच गडबड. टेस्ट बरोबर आहे, पण घरी करू नका, भडका मागे येतो.

मग पेट्रोल बघायचं. फिल्टरकडच्या पाइपातून पाव लिटर काचेच्या बरणीत घ्यायला सांगा, प्रेशर आधी उतरवून. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायचा जुना प्रकार कुणी करत असेल तर थांबवा, फुप्फुसात दोन थेंब गेले तरी हॉस्पिटल होतं. बरणी पंधरा-वीस मिनिटं हलवायची नाही. ताजं पेट्रोल स्वच्छ, आरपार दिसतं आणि वास डोक्यात जातो. जुनं झालेलं गडद, कोऱ्या चहाच्या वाटेवर, आणि वास पेट्रोलचा कमी, जुन्या ऑइलपेंटच्या डब्याचा जास्त. थर पडला असेल तर खाली स्पष्ट रेघ दिसते, अंदाजपंचे नाही, तेल-पाण्यासारखी रेघ. रेघ दिसली तर टाकी रिकामी करण्यावाचून पर्याय नाही आणि तेव्हा गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं. नुसता रंग किंचित बदललाय, वास येतोय, तर तेवढ्यासाठी टाकी उतरवायची गरज नाही.

आम्ही नंतर हौस म्हणून काकांच्या टाकीतलंही बघितलं. रंग बरा, वास थोडा मेलेला, रेघ नाही.

सुरू होते पण आचके देते, ते काय?

हे जास्त वेळा होतं आणि इथे स्कॅनर कामाला येतो. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले आकडे वाचणारं छोटं यंत्र, हजाराच्या आत मिळतो, डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावून मोबाइलवर बघायचं. त्यात फ्युएल ट्रिम नावाचा आकडा असतो, तो समजून घ्या, तो सोन्यासारखा आहे. ईसीयू म्हणजे आमटी करणारी बाई, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही तिची जीभ. मीठ म्हणजे पेट्रोल, कमी लागलं की ती घालते. किती टक्के जादा घालावं लागतंय तो आकडा म्हणजे ट्रिम. शून्याच्या आजूबाजूला, अधिक-उणे दहापर्यंत, काही काळजी नाही. वीसच्या वर गेला की समजायचं बाई चमचाचमचा मीठ घालतेय तरी आमटी आळणी, म्हणजे इंजेक्टर अर्धे तुंबलेत, पंपाचं प्रेशर कमी पडतंय, नाहीतर कुठूनतरी जादा हवा शिरतेय. स्कॅनरवर पी०१७१ हा कोड दिसला तर हीच तक्रार. उंदीर हवेची नळीही खातात, तेव्हा ती आधी बघा, इंजेक्टर नंतर.

प्रेशरचं म्हणाल तर साध्या इंजेक्शनच्या गाड्यांत साधारण ३ बार असतं, म्हणजे तीस मीटर उंच टाकीच्या नळाला जेवढा जोर असेल तेवढा. गेज लावून मोजायला दहा मिनिटं. पंप बदलायचा सल्ला कुणी प्रेशर न मोजता देत असेल तर मी दुसरं गॅरेज शोधेन.

सीएनजीवाल्यांनो, तुमची गाडी रोज चालते पण पेट्रोल उभंच आहे

हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मुंबई-पुण्यात कितीतरी जण रोज पन्नास किलोमीटर सीएनजीवर चालवतात आणि टाकीच्या तळाला सहा महिन्यांपूर्वीचं चार लिटर पेट्रोल. बऱ्याच सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात आणि मग गॅसवर जातात, त्यामुळे सकाळी कुरकुर सुरू झाली की लोक सीएनजी किट दाखवायला जातात. शिवाय टाकीतला पंप आजूबाजूच्या पेट्रोलनेच थंड राहतो, पेट्रोल तळाला गेलं की तो तापून मरतो. निदान पाव टाकी ठेवा आणि आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा, तेवढा खर्च पंपापेक्षा खूप स्वस्त.

कार्बोरेटरवाल्या, म्हणजे इंजेक्शन यायच्या आधीच्या, जुन्या गाड्या आणि जुन्या बाइकचं दुखणं वेगळं, तिथे कार्बोरेटरच्या वाटीतलं थोडंसं पेट्रोल महिन्या-दोन महिन्यांत वाळून जेटमध्ये, म्हणजे त्याच्या बारीक भोकात, डिंक होतो. टाकी ठीक, वाटी खराब. कार्बोरेटर उतरवून साफ केला की गाडी पहिल्यासारखी. डिझेल उडत नाही, जास्त टिकतं, पण तळाशी पाणी साठलं तर त्यात जंतू वाढून काळा बुळबुळीत गाळ होतो, म्हणून फिल्टरखालचा पाण्याचा नळ आधी सोडून बघायचा. आणि कॉमन रेल, म्हणजे आजकालच्या, डिझेल गाड्यांमध्ये रॉकेल वगैरे घालायचे जुने इलाज नकोत, तिथे हजार बारच्या वरचं प्रेशर असतं आणि पंपाला वंगण डिझेलचंच.

"पण ई२० मुळे गाड्या बिघडताहेत हे खोटं आहे का?"

पूर्ण खोटं नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने ऊर्जा कमी असते, त्याच्या २० टक्के म्हणजे ऊर्जेत सहा-सात टक्के घट, ती मायलेजमध्ये दिसणारच, यात वाद घालण्यासारखं काही नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर-प्लास्टिक ई२० धरून बनवलेले आहेत, त्याआधीच्यांत जुने रबरी पाइप आणि सील लवकर कडक होऊ शकतात, तेव्हा जुन्या गाडीच्या पाइपांवर नजर ठेवा, पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष करू नका. पंपावर साधं पेट्रोल मागायचा पर्याय लोकांना हवा होता ही तक्रारही मला रास्त वाटते, सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला तशी मागणी करणारी याचिका फेटाळली तरी. पण "सहा महिने उभी होती आणि सुरू झाली नाही, म्हणजे ई२०" हे मात्र वरचा वीस थेंबांचा हिशोब बघता पटत नाही.

"रोज पाच मिनिटं सुरू करून ठेवतो, मग?"

उलट वाईट. स्टार्टरने खाल्लेली बॅटरी पाच मिनिटांत भरत नाही, इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी जमतं. दोन आठवड्यांतून एकदा वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणा. बाहेरगावी असाल तर शेजारच्या विश्वासू माणसाला चावी द्या, नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

"पेट्रोल नासू नये म्हणून ते स्टॅबिलायझरचं औषध घालू का?"

जाण्याआधी, ताज्या पेट्रोलमध्ये घातलं तर उपयोग होतो, घातल्यावर दहा मिनिटं गाडी चालवायची म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत जातं. नासलेलं पेट्रोल त्याने परत ताजं होत नाही, विरजण लागलेल्या दुधाचं परत दूध होतं का? टाकी मात्र जाताना जवळजवळ भरून ठेवा, हवेला जागा कमी.

"आणि ते जुनं पेट्रोल?"

थर पडलेला नसेल तर फेकायचं नाही, पातळ करायचं. जुन्याच्या दुप्पट-तिप्पट ताजं घाला आणि एका दमात लांब चालवून संपवा. काकांच्या आठ-नऊ लिटरवर आम्ही वीस लिटर भरलं. थर पडलेलं असेल तर ते गॅरेजकडेच द्या, गटारात ओतलं तर त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच रेंगाळते, आणि कुणीतरी वर उभा राहून बिडी पेटवतो.

वायरीचं सोल्डरिंग, नवी बॅटरी आणि सीटचा फोम धरून काकांचा खर्च साडेपाच हजारांच्या आसपास गेला, त्यात बॅटरीच मोठी. उंदरांची गादी काकूंनी सुपलीत भरून उचलली, आत पिल्लं नाहीत ना हे तीनदा बघून. गाडी २५ तारखेला पहाटे चारला निघाली आणि चिपळूणला पोचायला तेरा तास लागले. त्यातले चार माणगावात गेले, आणि काकांनी तिथूनच ग्रुपवर टाकलं, "गाडी उभी आहे. पेट्रोल उत्तम."